ओल्ड व्हिकची धुरा : एका लोकरंजन संस्थेतील उत्तराधिकाराचा इतिहास

संस्थेला पन्नास वर्षे होतात तेव्हा तिची पहिली पिढी बहुधा मावळलेली असते. ज्यांनी जागा मिळवली, पावतीपुस्तके घेऊन जे दारोदार हिंडले, ज्यांनी पहिल्या सभेच्या सतरंज्या स्वतः अंथरल्या, त्यांपैकी बहुतेकांच्या तसबिरी सभागृहाच्या भिंतीवर गेलेल्या असतात. त्यांच्यामागे धुरा कोणी वाहावी, हा प्रश्न मग विश्वस्त मंडळापुढे उभा राहतो. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल केला की कागदावरचा विश्वस्त बदलतो. रोज संध्याकाळी दिवे लावून दार उघडणारा, हिशेबाची चिंता स्वतःच्या घरच्या चिंतेसारखी वाहणारा माणूस मात्र त्या अर्जासोबत मिळत नाही.

हा प्रश्न जितका आपल्याकडचा, तितकाच इतरत्रचाही आहे. लंडनच्या दक्षिण भागातील लॅम्बेथ येथे, वॉटर्लू रस्त्यावर, ओल्ड व्हिक या नावाने जगाला परिचित असलेले एक नाट्यगृह आहे. आज त्याचे नाव थोर नटांच्या नामावळीशी जोडले जाते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही संस्था म्हणजे गरीब वस्तीतील कष्टकऱ्यांसाठी स्वस्त आणि निर्व्यसनी करमणूक पुरवणारा एक धर्मादाय न्यास होता. तिच्या पहिल्या सत्तर वर्षांत नेतृत्वबदलाचा प्रसंग तीनदा आला. पहिल्या वेळी तो फार चांगल्या रीतीने निभावला गेला, दुसऱ्या वेळी त्याची पूर्वतयारीच नव्हती, आणि तिसऱ्या वेळी मंडळाने घेतलेल्या निर्णयावर अजूनही वाद होतो.

हे नाट्यगृह १८१८ मध्ये रॉयल कोबर्ग या नावाने सुरू झाले. १८३३ मध्ये राजकन्या व्हिक्टोरियाचे नाव त्यास देण्यात आले, आणि लोकांच्या तोंडी पुढे त्याचे ‘ओल्ड व्हिक’ झाले. नाव राजघराण्याचे असले तरी परिसर दारिद्र्याचा होता. आठवड्याची मजुरी हाती पडली की ती गुत्त्यात आणि नाट्यगृहाच्या आवारातील मद्यविक्रीच्या खिडकीवर संपे, आणि त्यानंतर घरी जे घडे ते बायकामुलांच्या अंगावर उमटे. एमा कॉन्स या बाईंनी ते जवळून पाहिले होते. १८३८ मध्ये जन्मलेल्या कॉन्स या वाद्ये बनवणाऱ्या कारागिराच्या कन्या. ऑक्टेव्हिया हिल या प्रसिद्ध समाजसेविकेच्या त्या बालपणापासूनच्या सहकारी. गरिबांच्या चाळींचे व्यवस्थापन करणे, भाडे गोळा करण्याच्या निमित्ताने प्रत्येक बिऱ्हाडाची विचारपूस करणे, हे त्यांचे काम होते. पुढे त्यांनी लॅम्बेथमध्ये सरे लॉज ही कामगारांची वसाहत उभारण्यात पुढाकार घेतला आणि त्या स्वतः तेथेच राहिल्या.

दारू सोडा, असा उपदेश त्या काळी लंडनमध्ये पुष्कळ जण करीत होते. कॉन्स यांचे म्हणणे असे की दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी बसायला उजेडाची, उबेची आणि गाण्याची जागा हवी असते. ती जागा आज फक्त दारूवाला देतो, तर ती आपण द्यावी. या विचारातून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाट्यगृह भाड्याने घेतले आणि डिसेंबर १८८० मध्ये ते ‘रॉयल व्हिक्टोरिया कॉफी अँड म्युझिक हॉल’ म्हणून उघडले. आत कॉफी मिळे, दारू मिळत नसे. गाणी आणि विनोदी प्रवेश असत, पण घरच्या माणसांसह बसून पाहता येतील असे.

हेतू उत्तम असला तरी धंदा बसला नाही. मद्यविक्रीच्या उत्पन्नावर चालणारे घर केवळ कॉफीवर चालवायचे म्हणजे पहिल्या दिवसापासून तोट्याचे गणित होते. १८८१ पासून दोन वर्षे विल्यम पोएल यांनी व्यवस्थापक म्हणून काम पाहिले. शेक्सपिअरची नाटके त्याच्या काळच्या साध्या रंगमंचावर जशी होत तशी करावीत, या चळवळीचे प्रवर्तक म्हणून ते नंतर विख्यात झाले. इतका गुणी माणूस दोनच वर्षांत गेला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : गुणी माणूस आणि त्या संस्थेला हवा असलेला माणूस, हे दोन्ही प्रत्येक वेळी एकच असतात असे नाही. पोएल यांचे मन रंगभूमीच्या पुनरुज्जीवनात गुंतलेले होते. लॅम्बेथच्या हॉलला त्या घटकेस हवा होता तो पैशाचा हिशेब, गोंगाट करणारी गॅलरी आणि गळके छप्पर यांच्याशी रोज झुंजणारा व्यवस्थापक. मग कारभाराचा भार पुष्कळ अंशी कॉन्स यांच्याच खांद्यावर राहिला.

संस्था तगली ती दोन आधारांवर. पहिला आधार सॅम्युएल मॉर्ली यांचा. मोजे व विणकामाच्या कापडाचे मोठे उद्योजक आणि पार्लमेंटचे सभासद असलेले मॉर्ली कार्यकारी समितीत आले आणि त्यांनी द्रव्य व प्रतिष्ठा दोन्ही दिले. दुसरा आधार ज्ञानप्रसाराचा. १८८२ पासून हॉलमध्ये एका पेनीत विज्ञानविषयक व्याख्याने सुरू झाली. कारखान्यातून थेट आलेले मजूर ती ऐकू लागले आणि ऐकून झाल्यावर आणखी शिकण्याची मागणी करू लागले. रंगमंचामागच्या खोल्यांत वर्ग भरू लागले. त्यातूनच १८८९ मध्ये मॉर्ली यांच्या स्मरणार्थ कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी मॉर्ली कॉलेज उभे राहिले. पुढे मंडळाने वर्गणी जमवून वास्तू विकत घेतली आणि १८९१ मध्ये धर्मादाय आयुक्तांच्या मान्यतेने तिचा रीतसर न्यास झाला. गरीब वर्गाला परवडेल अशा दरात मनोरंजन व शिक्षण पुरवणे, हे उद्दिष्ट आता कोणा एका व्यक्तीच्या इच्छेवर राहिले नाही. दान मिळवणे हे मोठे काम खरेच. परंतु त्या दानाला कायद्याचे कुंपण घालून ठेवणे, ही कॉन्स यांची त्याहून मोठी दूरदृष्टी म्हटली पाहिजे.

त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या. लंडन काउंटी कौन्सिलच्या १८८९ मधील पहिल्या स्त्री सदस्यांपैकी त्या एक. त्या सदस्यत्वाबद्दल त्यांच्यावर खटलाही झाला. वसाहती, कॉलेज, मद्यनिषेधाची कामे आणि हॉल, इतके सारे एका शरीराला झेपणारे नव्हते. बदलीच्या माणसाचा शोध करणे भागच होते.

तो माणूस सापडला घरातच, पण घरातल्या माणसाला गादीवर बसवावे तसा नव्हे. लिलियन बेलिस ही कॉन्स यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. आईवडील दोघेही गायक-वादक, आणि लिलियन स्वतः व्हायोलिन वाजवीत असे. १८९० च्या सुमारास हे कुटुंब दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथे बैलांच्या गाड्यांतून गावोगाव फिरून त्यांनी गाण्याबजावण्याचे कार्यक्रम केले. लिलियनने पुढे जोहान्सबर्गमध्ये संगीताच्या शिकवण्या केल्या. आजारपणातून उठल्यावर विश्रांतीसाठी ती १८९७ मध्ये लंडनला आली. मावशीने तिला हॉलच्या कामात हात लावायला सांगितले, आणि १८९८ मध्ये तिच्याकडे व्यवस्थापनाची जबाबदारी दिली. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

वशिल्याची नेमणूक, असे कोणी म्हटले असते तर ते अगदीच निराधार नव्हते. परंतु पुढे काय झाले ते पाहिले पाहिजे. कॉन्स यांनी अधिकार एका दिवसात सोडला नाही आणि अखेरपर्यंत मुठीतही धरून ठेवला नाही. १८९८ पासून १९१२ पर्यंत चौदा वर्षे मावशी आणि भाची यांनी हा हॉल एकत्र चालवला. त्या काळात बेलिस यांनी तिकिटाची खिडकी, वाद्यवृंद, सफाई, जाहिरात, गॅसचे बिल, भांडणारे प्रेक्षक हे सारे हाताळले. हॉलचा परवाना संगीतगृहाचा होता. पूर्ण नाटके करण्यास कायद्याने मनाई होती. तेव्हा ऑपेरातील गाणी आणि त्यांना जोडणारे मूक देखावे, अशा वळणाने बेलिस यांनी ऑपेरा या वस्तीत आणला. नव्याने आलेली चलच्चित्रेही त्यांनी दाखवली. त्यांपैकी काही गोष्टी कॉन्स यांच्या मूळ कल्पनेत नव्हत्या. तरीही त्यांनी त्या होऊ दिल्या.

एवढ्या दीर्घ उमेदवारीला आजच्या भाषेत कोणी भरती म्हणणार नाही. जाहिरात नव्हती, मुलाखत नव्हती, पात्रतेचे निकष नव्हते. तरीही त्या चौदा वर्षांत दोन्ही बाजूंची परीक्षा झाली. बेलिस यांना हे काम झेपते का, हे मंडळाला कळले. आणि हे मंडळ आपल्याला काम करू देते का, हे बेलिस यांना कळले. दुसरी परीक्षा पुष्कळ संस्थांत घेतलीच जात नाही. नवा कार्यवाह दोन वर्षांत निघून जातो आणि मंडळ त्याच्या निष्ठेबद्दल खेद व्यक्त करून मोकळे होते.

जुलै १९१२ मध्ये एमा कॉन्स यांचे निधन झाले. नियामक मंडळाने कारभार बेलिस यांच्याकडेच ठेवला. त्याच वर्षी त्यांनी नाटकांचा परवाना मिळवला आणि १९१४ मध्ये रोझिना फिलिपी या अभिनेत्रीच्या साह्याने शेक्सपिअरची नाटके सुरू केली. गंमत अशी की बेलिस यांचे खरे प्रेम ऑपेरावर होते. शेक्सपिअरची विद्वत्ता त्यांच्याकडे मुळीच नव्हती. पहिल्या प्रयोगांत तोटाच झाला. तेवढ्यात महायुद्ध आले, तरुण नट रणांगणावर गेले, आणि सिबिल थॉर्नडाइक यांसारख्या अभिनेत्रींना पुरुषपात्रेही करावी लागली. बेन ग्रीट यांच्या दिग्दर्शनाखाली खेळ चालूच राहिले. शाळांतील मुलांसाठी खास प्रयोग होऊ लागले. १९२३ मध्ये, शेक्सपिअरच्या पहिल्या संग्रहाला तीनशे वर्षे होत असताना, त्या संग्रहातील सर्व ३६ नाटके या गरीब वस्तीच्या रंगमंचावर करून झाली होती.

बेलिस यांच्याविषयीच्या आख्यायिका विपुल आहेत. त्या अत्यंत धर्मश्रद्ध होत्या, आणि नटाला किती वेतन द्यावे याचाही निकाल प्रार्थनेनंतर देत, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाई. वेतनाचा आकडा बहुधा कमीच निघे. खेळ चालू असताना विंगेत शेगडीवर त्यांचा स्वयंपाक चाले आणि त्याचा वास पहिल्या रांगांपर्यंत जाई. बोलणे रांगडे, पेहराव साधा. १९२४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली, १९२९ मध्ये राजाकडून मोठा बहुमान मिळाला. तरी हॉलच्या वरच्या गॅलरीतील स्वस्त जागा त्यांनी स्वस्तच ठेवल्या. कॉन्स यांचे मूळ व्रत त्यांनी असे पाळले. मात्र साधन पूर्ण बदलले होते. कॉफीचा पेला मागे पडला आणि त्या जागी जगातील श्रेष्ठ नाट्य आले.

या यशाची किंमतही मोजावी लागली, आणि ती बहुधा इतरांनी मोजली. ज्या मॉर्ली कॉलेजचा जन्म याच रंगमंचामागे झाला होता, त्याला विस्तारणाऱ्या नाट्यगृहात जागा उरली नाही. सर जॉर्ज डान्स यांनी १९२२ मध्ये दिलेल्या ३०,००० पौंडांच्या देणगीमुळे स्थलांतर शक्य झाले आणि कॉलेज वेस्टमिन्स्टर ब्रिज रस्त्यावर गेले. दोन्ही संस्थांचे त्यात भले झाले, हे खरे. तरी ज्ञान आणि रंजन एकाच छपराखाली असावे ही कॉन्स यांची कल्पना त्या दिवशी संपली.

बेलिस तेथेच थांबल्या नाहीत. लंडनच्या उत्तर भागात इझलिंग्टन येथील सॅडलर्स वेल्स हे मोडकळीस आलेले नाट्यगृह त्यांनी वर्गणीतून पुन्हा बांधवले; ६ जानेवारी १९३१ रोजी ते उघडले. निनेट द व्हॅल्वा या तरुण नर्तिका १९२६ मध्ये बॅले पथकाची योजना घेऊन त्यांच्याकडे आल्या होत्या. ओळखपाळख नसलेल्या त्या बाईंना बेलिस यांनी काम दिले आणि नव्या नाट्यगृहात बॅलेची शाळाही दिली. एका धर्मादाय हॉलमधून अशा रीतीने नाटक, ऑपेरा आणि बॅले अशा तीन शाखा फुटल्या. त्यांतील बॅले पथकाला १९५६ मध्ये राजसनद मिळून ते रॉयल बॅले झाले. ऑपेरा पथक १९७४ मध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेरा झाले. माणसे हेरण्याची बेलिस यांची दृष्टी अशी विलक्षण होती.

आणि तरीही, स्वतःच्या जागी कोण, हे त्यांनी ठरवले नाही. चौदा वर्षे मावशीच्या हाताखाली तयार झालेल्या या बाईंनी स्वतःच्या हाताखाली कोणालाही संपूर्ण कारभारासाठी तयार केले नाही. शाखाप्रमुख होते, पण तिन्ही दोर एका मुठीत होते. टायरोन गथ्री यांना १९३३ मध्ये नाट्यशाखेसाठी बोलावले गेले. त्यांनी चार्ल्स लॉटन यांसारखे चित्रपटांतून गाजलेले नट आणले आणि गर्दीही खेचली; पण बेलिस यांच्याशी त्यांचे पटले नाही आणि एका हंगामानंतर ते गेले. १९३६ मध्ये बेलिस यांनीच त्यांना परत बोलावले. मतभेद विसरून परत बोलावण्याचा हा मोठेपणा संस्थेच्या किती उपयोगी पडणार होता, याची कल्पना तेव्हा कोणास नसावी.

२५ नोव्हेंबर १९३७ रोजी बेलिस यांचे निधन झाले. ओल्ड व्हिकमध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए यांचे ‘मॅकबेथ’ रंगमंचावर यायचे होते. ते दुसऱ्या दिवशी आले. खेळ थांबला नाही, पण पुढे कारभार कोणी पाहायचा याचे उत्तर नियामक मंडळापाशी नव्हते. एका बाईने जे काम एकटीने केले होते ते तोवर इतके पसरले होते की तिच्या मापाचा दुसरा माणूस शोधणे व्यर्थच होते. शाखा आपापल्या प्रमुखांनी चालवल्या, आणि १९३९ मध्ये गथ्री यांच्याकडे दोन्ही नाट्यगृहांच्या प्रशासनाची सूत्रे आली. युद्धाच्या धामधुमीत हे सारे घडले. १९४१ मध्ये बाँबहल्ल्यात वास्तूची मोठी हानी झाली. संस्थेचे मुख्य ठाणे तोवर उत्तरेकडील बर्नली या गिरण्यांच्या गावी हलवले गेले होते. तेथून नाटकमंडळ्या खाणकामगारांच्या वस्त्यांत आणि लहान गावांत खेळ करीत हिंडल्या. कॉन्स यांच्या मूळ हेतूच्या इतक्या जवळ संस्था बऱ्याच वर्षांनी आली होती. युद्धकाळात नियामक मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड लिटन होते. बंगालचे गव्हर्नर म्हणून १९२२ ते १९२७ या काळात त्यांनी भारतात काम केले होते.

तिसरा प्रसंग अधिक कटू आहे. १९४४ मध्ये नाटकमंडळाची धुरा ऑलिव्हिए, राल्फ रिचर्डसन आणि जॉन बरेल या तिघांकडे संयुक्तपणे देण्यात आली. लंडनमधील न्यू थिएटरमध्ये त्यांनी केलेले हंगाम अविस्मरणीय ठरले. पण मोठे नट चित्रपटांसाठी आणि दौऱ्यांसाठी बाहेर असत. १९४८ मध्ये ऑलिव्हिए संस्थेच्याच नाटकमंडळासह ऑस्ट्रेलियात होते आणि रिचर्डसन चित्रपटाच्या कामासाठी अमेरिकेत. अशा वेळी, लॉर्ड ईशर यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने तिघांचीही मुदत न वाढवण्याचे ठरवले. ऑलिव्हिए यांना ते कळले सिडनीत, टपालाने आलेल्या पत्रातून.

मंडळाचा मुद्दा चुकीचा म्हणता येत नाही. विस्तारलेल्या संस्थेला पूर्ण वेळ देणारा संचालक हवा, हे बेलिस यांच्या उदाहरणावरूनच सिद्ध होते. चूक झाली ती रीतीत. संस्थेसाठी हजारो मैल दूर खेळ करीत असलेल्या माणसाला समोर बसवून सांगण्याऐवजी त्याच्या माघारी निर्णय घेऊन पत्र धाडणे, हे ज्या संस्थेची संस्थापिका भाडे मागायला गेल्यावर बिऱ्हाडातील आजाऱ्याची चौकशी करीत असे, तिला शोभले नाही. तिघांच्या जागी १९४९ मध्ये ह्यू हंट कलाविभागाचे संचालक झाले, आणि नोव्हेंबर १९५० मध्ये दुरुस्त झालेल्या वॉटर्लू रस्त्यावरील वास्तूत नाटके पुन्हा सुरू झाली.

इंग्लंडची राष्ट्रीय नाट्यसंस्था १९६३ मध्ये आकारास आली तेव्हा तिला स्वतःचे घर नव्हते. तिचा पहिला मुक्काम ओल्ड व्हिकमध्येच पडला, आणि तो १९७६ पर्यंत राहिला. तिचे पहिले संचालक म्हणून १९६३ मध्ये त्या दारातून आत आले ते पंधरा वर्षांपूर्वी सिडनीत पत्र मिळालेले लॉरेन्स ऑलिव्हिएच.